पावसाळ्यात शेवंतीची पाने सांभाळा



मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. ज्यांनी चैत्र-वैशाखात शेवंतीच्या काश्या लावल्या त्यांची रोपे आता वीतभर झाली असतील, काहींचा शेंडा खुडूनही झाला असेल. ज्यांच्या विहिरीला पाणी कमी होते ते पहिल्या पावसाची वाट पाहत असतील. दोघांनाही उपयोगी पडेल अशी माहिती आज सांगणार आहे, ती शेवंतीच्या पानांवर पडणाऱ्या ठिपक्यांविषयी. कोणी या रोगाला करपा म्हणतात, कोणी काळे ठिपके म्हणतात, तर कोणी नुसतेच ‘शेवंतीला पाऊस लागला’ म्हणून मोकळे होतात.

आता तुम्ही म्हणाल, ठिपके तर श्रावणात दिसतात, गणपतीच्या सुमारास पाने करपतात, मग ज्येष्ठातच हा विषय कशाला? मुद्दाम ज्येष्ठातच काढला आहे. हा रोग डोळ्यांना दिसतो श्रावणात, पण तो शेतात येतो लागवडीबरोबर. दिसू लागल्यावर औषधाचा पंप पाठीला लावणारा शेतकरी रोगाच्या मागे धावत असतो आणि पावसाळ्यात रोग त्याच्यापेक्षा जोरात धावतो. पुणे, अहिल्यानगर, सातारा, सोलापूर, नाशिक या जिल्ह्यांत शेवंती घेणारे पुष्कळ शेतकरी आहेत. त्यांच्याकडे श्रावणात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: “साहेब, औषध कोणतं मारू?” औषधाचे सांगणारच आहे, पण ते शेवटी. आधीची कामे झाली नसतील तर औषधाचा पैसा निम्मा मातीत जातो.

प्रथम रोग ओळखू या. सुरुवात नेहमी जमिनीलगतच्या पानांपासून होते. पानावर लहान पिवळसर डाग येतो, तो तपकिरी होतो आणि मग काळपट पडतो. डाग साधारण गोल असतात. पाऊस चालू राहिला की एकात एक मिसळतात आणि अर्धे पान काळे पडते. असे पान लगेच गळत नाही, सुकून खोडाला लोंबकळत राहते, ही या रोगाची मोठी खूण. डागाचे पान उन्हात धरून नीट पाहा, किंवा शाळेतल्या मुलाकडचे भिंग घ्या. डागाच्या मधोमध मोहरीपेक्षाही पुष्कळ बारीक असे काळे कण दिसतात. ती बुरशीची बीजे भरलेली पोतडीच समजा. या बुरशीचे नाव सेप्टोरिया. अल्टरनेरिया नावाची दुसरी एक बुरशीही असेच डाग पाडते. तिच्या डागात एकात एक अशी वर्तुळे दिसतात. उपाय दोन्हींना जवळजवळ सारखेच, म्हणून नावाचा घोळ फार घालत नाही.

मात्र खालचे प्रत्येक पिवळे पान म्हणजे करपा नव्हे, हे ध्यानात ठेवा. नत्र कमी पडले की खालची पाने सगळीच सारखी फिकी पडतात, त्यांवर डाग नसतात. सरीत पाणी तुंबले तर झाड भरदुपारी माना टाकते आणि उपटून पाहिले तर मुळे कुजकी निघतात. पानाच्या खालच्या बाजूला चॉकलेटी रंगाची भुकटी बोटाला लागली तर तो तांबेरा. आणि एक फसवा प्रकार असा, की डाग गोल नसून शिरांच्या मध्ये कोंडल्यासारखे कोनाकोनाचे दिसतात आणि पानाचे तुकडे पाडल्यासारखे भाग तपकिरी होतात. हे काम पानात शिरणाऱ्या सूत्रकृमीचे असते. त्यावर बुरशीनाशकाचे डबेच्या डबे ओतले तरी काही उपयोग नाही. म्हणून शंका असेल तर खालचे, मधले आणि वरचे अशी तीन पाने कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आजकाल मोबाईलवर फोटो पाठवतात, चांगली सोय आहे. पण फोटो एकाच पानाचा असतो, तोही वरच्या बाजूचा आणि सावलीत काढलेला! पानाची खालची बाजू आणि पूर्ण झाड असे दोन फोटो तरी जोडत जा. त्यावरून निदान अंदाज बांधता येतो.

आता हा रोग पसरतो कसा ते समजून घेऊ. ते एकदा समजले की पुढची सगळी कामे आपोआप पटतात.

या बुरशीची बीजे भुरभुरीत नसतात. तांबेऱ्याची भुकटी वाऱ्यावर उडते, तशी ही उडत नाहीत. ती चिकट असतात. पान ओले झाले की त्या काळ्या कणातून बीजांचा चीक बाहेर येतो. त्यावर पावसाचा थेंब आदळला की बारीक तुषार उडतात आणि त्या तुषारांबरोबर बीजे शेजारच्या किंवा वरच्या पानावर जाऊन बसतात. म्हणजे रोग खालून वर चढतो तो पावसाच्या थेंबांच्या शिंतोड्यांवर. नव्या पानावर बसलेले बीज लगेच आत शिरत नाही. त्याला रुजायला पानावर पाण्याचा पातळ थर हवा, तोही बऱ्याच तासांचा. पान तासाभरात सुकले तर बीज मरून जाते. रात्रभर ओले राहिले तर रुजते, पानात शिरते आणि दोन-तीन आठवड्यांनी तिथे नवा डाग, नवे काळे कण. असे एका पावसाळ्यात किती फेरे होतात याचा तुम्हीच हिशेब करा.

यातून एक गोष्ट निघते. आषाढातला धो-धो पाऊस रोगाला जेवढा मानवतो त्यापेक्षा श्रावणातली झिमझिम जास्त मानवते. दिवसभर ढग, मध्येच एक सर, ऊन पडले न पडले तोच पुन्हा शिंतोडे, रात्री दव. पान सुकायला उसंतच मिळत नाही. हवा थंड आणि दमट. नेमका त्याच काळात झाडाचा फाफट वाढलेला असतो, आत वारा शिरत नाही.

आणि नेमक्या त्याच काळात शेवंती कळी धरते. शेवंती ही दिवस लहान होऊ लागले, रात्री मोठ्या होऊ लागल्या की फुलाकडे वळणारी वनस्पती आहे. श्रावण-भाद्रपदात कळीची तयारी सुरू होते. कळी भरायची ती पानांच्या जोरावर. खालची निम्मी पाने त्या वेळी करपून लोंबत असतील तर फुले लागतात, पण बारीक राहतात, मधला भाग उघडा पडतो, देठ बारीक पडतो. गुलटेकडीच्या बाजारात व्यापारी पाटी उलटून बघतो आणि ‘माल हलका आहे’ म्हणतो, तेव्हा त्या फुलाची गोष्ट दोन महिने आधी पानावर लिहिली गेलेली असते. नवरात्र, दसरा, दिवाळी, पुढे मार्गशीर्षातले गुरुवार. शेवंतीच्या माळ्याचे वर्ष या थोड्या दिवसांवर चालते. मजुरी तीच, खत तेच, गाडीभाडे तेच. भाव मात्र फुलाच्या आकाराला.

आता कामांकडे वळू. पहिले काम काश्यांचे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे हेच.

आपल्याकडे बहुतेक शेतकरी काश्या स्वतःच्या जुन्या प्लॉटमधून काढतात किंवा पाहुण्यांकडून आणतात. झिपरी असो, राजा असो, पांढरी किंवा पिवळी रेवडी असो, पद्धत तीच. फुले संपली की झाड छाटायचे, बुडातून फुटवे येतात, तेच उपटून लावायचे. आता बुड म्हणजे रोगट पानांचा साठा. गेल्या वर्षीची करपलेली पाने तिथेच पडलेली असतात आणि नवा फुटवा त्यांच्यातूनच वर येतो. त्याच्या एखाद्या पानावर बारीक ठिपका असतो, तो घाईत कोणाच्या नजरेस येत नाही. फुकटच्या काश्यांबरोबर रोगही फुकट येतो.

ज्यांची लागवड अजून राहिली आहे त्यांनी काश्या काढताना प्रत्येक काशीची खालची दोन-तीन पाने हाताने काढून टाकावीत. डाग असलेली काशी सरळ बाजूला टाकावी, मन मोठे करू नये. निवडलेल्या काश्या स्वच्छ पाण्यात धुवून माती काढावी. नंतर १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डॅझिम मिसळून त्या द्रावणात १० मिनिटे बुडवून लावाव्यात. हे काम करताना हातात रबरी मोजे हवेत. बायाबापड्या उघड्या हाताने बादलीत हात घालतात आणि त्याच हाताने भाकरी खातात, हे मी पाहिले आहे. ते बंद झालेच पाहिजे.

याहून चांगला मार्ग म्हणजे शेंड्याचे छाटे. निरोगी झाडाच्या कोवळ्या शेंड्याचा ३ ते ४ इंचांचा तुकडा वाळूत किंवा कोकोपीटमध्ये लावला तर त्याला १५ ते २० दिवसांत मुळे फुटतात. शेंडा जमिनीपासून लांब असतो, म्हणून त्यावर बुरशी येण्याचा संभव कमी. कष्ट थोडे जास्त आहेत. पण सगळी लागवड जमली नाही तरी दोन-चार गुंठ्यांची छाट्यांपासून करून पाहा आणि गणपतीत दोन्हींची पाने शेजारी शेजारी ठेवून बघा.

दुसरे काम जमिनीचे. एकाच वावरात वर्षामागून वर्षे शेवंती घेऊ नका. बुरशी पडलेल्या पानांवर पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहते. शेवंतीनंतर निदान दोन वर्षे ज्वारी, गहू, कांदा, हरभरा असे काही तरी घ्या. ज्यांच्याकडे बागायती एकच तुकडा आहे त्यांना हे सांगणे सोपे, करणे कठीण, याची मला कल्पना आहे. त्यांनी निदान त्या तुकड्याचे दोन-तीन भाग करावेत आणि शेवंती एका भागातून दुसऱ्या भागात फिरवावी. जुन्या प्लॉटची वाळकी झाडे नव्या प्लॉटच्या बांधावर रचून ठेवू नयेत. पाऊस पडला की त्या ढिगावरचे पाणी शेतातच येते.

अंतर हा पुढचा मुद्दा. सरी ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत ३० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट बाय एक फूट, एवढे तरी राखा. एकरात जास्त रोपे बसली की जास्त फुले निघतील असे वाटते, पण भाद्रपदात त्या दाटीत हात घालून पाहा. दुपारी दोन वाजतासुद्धा आत ओल लागते. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. जमिनीच्या उताराला बाध येत नसेल तर सऱ्या पूर्व-पश्चिम काढाव्यात, म्हणजे वारा ओळींमधून वाहतो आणि पाने लवकर सुकतात. उतार मोडून मात्र हे करू नका. माती वाहून गेली तर शेवंती वाचवून काय उपयोग? लागवड आधीच दाट झाली असेल तर फांद्यांना आधार द्या. ओळीच्या दोन्ही टोकांना बांबू रोवून सुतळी ओढली, की झाडे जमिनीवर लोळत नाहीत. लोळणारी फांदी हीच रोगाची शिडी.

पाण्याविषयी. शेवंतीवर वरून पाणी मारू नका. तुषार सिंचनाचा संच कांद्याला, भुईमुगाला ठीक आहे, शेवंतीला तो पावसाचेच काम करतो. ठिबक असेल तर उत्तम. सरीने देत असाल तर सकाळी द्या. संध्याकाळी दिलेल्या पाण्याने रात्रभर दमटपणा राहतो. वीज रात्रीचीच असते ही तुमची तक्रार खरी आहे. अशा वेळी निदान पावसाळी ढगाळ हवेत पाळी लांबवा, जमीन मुठीत दाबून पाहा, गोळा होत असेल तर पाणी देऊ नका. शेताच्या खालच्या अंगाला चर काढून ठेवा. ते काम आत्ताच, पहिला पाऊस पडण्याआधी.

आता आच्छादन. हे काम फारसे कोणी करत नाही आणि मला याचा मोठा भरवसा वाटतो. थेंब मातीवर आदळतो तेव्हा मातीबरोबर गेल्या वर्षीच्या पानांचे तुकडेही उडून खालच्या पानांना चिकटतात. तुम्ही पाहिलेच असेल, जोराच्या पावसानंतर झाडाची खालची वीतभर पाने चिखलाने माखलेली असतात. रोगाची पहिली पायरी तिथे पडते. ओळींमध्ये उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा वाळके गवत दोन-तीन इंच जाडीचे पसरले, तर थेंबाचा जोर त्यात मुरतो, शिंतोडे उडत नाहीत. शिवाय तण कमी उगवते आणि पावसाने दडी मारली तर ओल टिकते. प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर वापरणारे विचारतील, आमचे काय? पेपरने मातीचा संबंध तुटतो हे खरे, पण कडक पेपरवर थेंब जास्त जोरात उसळतो. एकदा झाडावर डाग आले की पेपर ते शिंतोडे थांबवत नाही, म्हणून पेपर असला तरी खालच्या पानांवर लक्ष ठेवावेच लागते. पाचटाचे दोन तोटेही सांगून ठेवतो. वाळवीची जमीन असेल तर पाचट घालू नका. आणि पावसाळ्यात त्याखाली गोगलगायी लपतात, सकाळी उचलून पाहा, दिसल्या तर वेचून मिठाच्या पाण्यात टाका. पाचट झाडाच्या बुंध्याला चिकटवू नये, चार बोटे जागा मोकळी ठेवावी.

खताबाबत एवढेच सांगतो, युरियाचा हात आवरा. पावसाळ्यात एकदम जास्त नत्र दिले की पाने लुसलुशीत होतात, फाफट वाढतो आणि रोगाला आयते आमंत्रण मिळते. माती परीक्षण करून शिफारशीप्रमाणे खत द्या आणि नत्र एकदम न देता हप्त्याने द्या.

आता रोगट पाने काढण्याबद्दल. आषाढात आठवड्यातून एकदा प्लॉटमधून फिरा. घाईची चक्कर नको. दर दहा-पंधरा पावलांवर एक झाड थांबून, वाकून, बुडाशी पाहा. पहिले ठिपके तिथेच सापडतील. डागाळलेली पाने खुडून पिशवीत टाका. खुडून सरीत टाकली तर खुडून न खुडल्यासारखेच. पिशवी शेताबाहेर नेऊन खड्ड्यात पुरा. हे काम पाने सुकी असताना करायचे, दहा-अकरा वाजल्यानंतर. पाने ओली असताना शेवंतीत शिरू नका, खुरपणीलासुद्धा नको. ओल्या पानांवरून फिरणारे हात, साडीचे काठ, धोतराचे सोगे बीजांचा चीक या झाडावरून त्या झाडावर नेतात. बायका सकाळी लवकर येतात, त्यांना दुसरे काम द्या आणि शेवंतीची भांगलण ऊन आल्यावर धरा. खालची पाने खुडताना हावरेपणा मात्र नको. निरोगी पाने ओरबाडून झाड उघडे केले तर आपणच रोगाचे काम केले असे होईल.

इथपर्यंतची कामे झाली असतील तर फवारणी खऱ्या अर्थाने लागू पडते.

दोन जातींची औषधे असतात. काही पानावर बाहेरून थर धरतात, बीज रुजण्याआधीच त्याला मारतात. मॅन्कोझेब, कॉपर ऑक्सिक्लोराइड ही त्यांतली. काही पानात शिरतात, जसे कार्बेन्डॅझिम किंवा डायफेनोकोनॅझोल. बाहेरून थर धरणारे औषध रोग येण्याआधी मारायचे असते. आत शिरलेल्या रोगावर ते चालत नाही. म्हणून पहिली फवारणी ठिपक्याची वाट न पाहता, पाऊस बसला आणि ढगाळ हवा सुरू झाली की करा. मॅन्कोझेब ७५ टक्के १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम. १६ लिटरचा पंप असेल तर ४० ग्रॅम. पुढची फवारणी हवा पाहून १० ते १५ दिवसांनी, तेव्हा कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के त्याच प्रमाणात. खरोखर ठिपके वाढू लागले तरच मध्ये एखादी फवारणी आत शिरणाऱ्या औषधाची घ्या. तेच तेच औषध पुन्हा पुन्हा मारू नका. बुरशी त्याला सरावते, मग दुप्पट मात्रेलाही दाद देत नाही. दुकानदाराने दिले म्हणून एकाच पंपात तीन-तीन औषधे मिसळू नका. आणि डब्यावरचे लेबल वाचल्याशिवाय औषध घेऊ नका. पीक, मात्रा, किती दिवस आधी थांबायचे हे सगळे त्यावर मराठीतही छापलेले असते, अक्षर बारीक असते एवढेच. वाचता येत नसेल तर घरातल्या मुलांकडून वाचून घ्या.

ज्यांना घरी औषध करायचे आहे त्यांच्यासाठी बोर्डो मिश्रण आजही उपयोगी आहे. याची कथा गमतीची आहे. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत, कारण काय, तर वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. प्राध्यापक मिलार्डे यांच्या लक्षात आले की त्याच वेलींची पाने केवड्यापासून वाचली आहेत. त्यांनी अभ्यास करून १८८५ साली हे औषध जाहीर केले. शेवंतीच्या कोवळ्या पानांना अर्धा टक्का मिश्रण पुरे. १० लिटरसाठी ५० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि ५० ग्रॅम कळीचा चुना विरवून ५ लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत. लोखंडी भांडे नको. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. चकचकीत विळा किंवा खिळा त्यात क्षणभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी आहे, थोडी निवळी आणखी घाला. मिश्रण गाळून त्याच दिवशी वापरा आणि आधी चार झाडांवर मारून दोन दिवस थांबा. पाने भाजली नाहीत तर पुढे जा.

फवारा पानाच्या खालच्या बाजूला आणि झाडाच्या बुडाशी पोचला पाहिजे. नळी वरून फिरवून शेत भिजल्यासारखे दिसते, पण रोग असतो बुडाशी. नोझल खाली धरून वर वळवा. पावसाळ्यात औषधात चिकटद्रव्य मिसळा आणि पुढे तीन-चार तास उघडीप मिळेल असे पाहून फवारा. तणनाशकाचा पंप शेवंतीला कधीही वापरू नका. २,४-डी चा अंश राहिला तर शेवंतीचे शेंडे पिळवटतात आणि लोक तो नवीनच रोग समजून आणखी औषध मारतात. त्यासाठी पंप वेगळाच ठेवा, त्याला लाल रंगाचा पट्टा मारा.

कळीने रंग दाखवला की मॅन्कोझेब आणि बोर्डो थांबवा. पाकळ्यांवर डाग राहतात, बाजारात दर पडतो. शिवाय हे फूल कोणाच्या तरी वेणीत जाणार आहे, देवाच्या पायावर जाणार आहे, ते तीर्थात पडते आणि ते तीर्थ आपण घेतो. फवारणी करताना तोंडाला फडके, हातात मोजे, अंगभर कपडे असावेत, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, लहान मुले आणि गुरे लांब ठेवावीत. रिकामे डबे भोक पाडून निकामी करा, घरात मीठ-मिरची ठेवायला आणू नका.

अंगणात कुंडीत शेवंती किंवा गुलाब लावणाऱ्या भगिनींसाठी दोन शब्द. कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका. छपरावरून पडणारी धार पाने दिवसभर ओली ठेवते. पाणी झारीने वरून न घालता मातीत घाला. गुलाबावर काळे ठिपके पडून पाने पिवळी होऊन गळतात, तिथेही गळलेली पाने रोज वेचणे हाच मोठा उपाय. चार-सहा कुंड्यांसाठी औषध घेण्याची बहुधा गरज पडत नाही.

जाता जाता पुढच्या वर्षीच्या काश्यांचे सांगतो. कार्तिकात प्लॉट फुलावर असताना एक फेरी मारा. ज्या झाडाची बुडापर्यंत पाने हिरवी आहेत आणि फूलही भरदार आहे, त्याला रंगीत चिंधी बांधा. तोडणी संपली की चिंधीची झाडे तेवढी मातीसकट काढून दुसऱ्या स्वच्छ वाफ्यात लावा, जमिनीपासून चार बोटांवर छाटा आणि बुडातली वाळकी पाने हाताने साफ करा. काश्या घ्यायच्या त्या याच वाफ्यातून. उरलेला सगळा प्लॉट मुळासकट उपटून, शेताबाहेर खड्ड्यात घालून वर मातीचा जाड थर द्या आणि वावर खोल नांगरून उन्हात तापू द्या. हे काम माघ संपायच्या आत उरका.